एक ठोका म्हणजे बरी

१

लाकडी नाव तपासायची काकांची पद्धत ठरलेली आहे. आधी नुसतं भोवती फिरायचं, हात लावायचा नाही. मग वाकून वास घ्यायचा. मग खिशातून लाकडी हातोडी काढायची आणि पुढच्या टोकापासून एकेक फळी ठोकत मागे जायचं. आतून दुसऱ्या माणसानं बरोबरीनं सरकायचं. बाहेर ठोका पडला की आतल्यानं त्याच जागी तळवा टेकायचा. हादरा भरीव आला तर उलट एक ठोका द्यायचा. पोकळ आला तर दोन, आणि तिथे खडूनं फुली मारायची. बऱ्या फळीला खूण करायची नसते.

एक म्हणजे बरी, दोन म्हणजे गेली. मी आठ वर्षांची असल्यापासून हे काम करते, कारण आतल्या चिंचोळ्या जागेत सरपटायला मी बरी पडायचे.

ओरडून का सांगायचं नाही, तर काकांना ऐकू येत नाही. सगळा जन्म ठोकाठोकीत गेला, कान गेले. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून त्यांना कळतं. फळीआडच्या माणसाचं मात्र ते हातानं ऐकतात. "माझा कान इथे सरकलाय," तळवा दाखवून ते सांगतात. "तुझी काकू बोलायला लागली की मी हात खिशात घालतो. विषय संपला."

मला एक नाव हवी होती. पलीकडच्या काठावर चाळीसेक घरं आहेत, मोठी शाळा अलीकडे आहे आणि मधे अर्ध्या तासाचं पाणी. प्रवासी फेरी बंद पडून वर्ष झालं. कॉलेज संपल्यावर मी मिळेल त्या होडीतून तिकडे जाऊन शिकवत होते. एकोणीस मुली. पाचवीनंतरचे वर्ग तिकडे नाहीत आणि नव्या वर्षी त्या सगळ्या सहावीत जाणार, म्हणजे नाव नसेल तर घरी बसणार. मी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, कचेरीतल्या बाकांवर बसून बसून ती बाकं मला पाठ झाली. "बघू," म्हणाले. "वरून यावं लागतं," म्हणाले. वर म्हणजे कुठे, हे विचारायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. चोविसाव्या वर्षी माणसानं इतकं थकू नये. शेवटी मी काकांना म्हटलं, आपणच एक जुनी नाव घेऊ, दुरुस्त करू.

काका बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले, जणू मी अजून काही बोलणार होते.

"आपण म्हणजे मी," ते म्हणाले.

"मी फुल्या मारीन ना."

"मोठी आली फुल्या मारणारी," म्हणाले, आणि हातोडी शोधायला उठले.

२

विकायला काढलेली नाव एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, लाकडी ठोकळ्यांवर. तीस-एक फूट लांब, वरून पूर्ण झाकलेली, मागच्या बाजूला आत उतरायचं झाकण. ती बुडून दोन वर्षं पाण्याखाली होती. रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि फळ्यांमधले सांधे उघडले होते, काही ठिकाणी बोट जाईल इतके.

मालकीणबाई किल्ली घेऊन आल्या, पण शेडच्या उंबऱ्यावरच थांबल्या. चेहऱ्यावर झोप नसलेल्या माणसाचा मऊ फुगवटा.

"शनिवारपर्यंत सांगा. सोमवारी तोडणारे येतायत."

"कुठल्या वादळात गेली?" मी विचारलं.

"वादळ कुठलं? धक्क्याला बांधलेली होती."

"मग बुडाली कशी?"

"बुडाली." त्यांनी किल्ली माझ्या हातात जवळजवळ टाकलीच. "मिस्तरींना सांगा, दार सताड उघडं ठेवून काम करा. हवा खेळू दे."

काकांनी एक फेरी मारली, वाकून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गोडं पाणी," म्हणाले. "खारं असतं तर मी बेफिकीर असतो. मिठात लाकूड टिकतं."

सकाळभर डावी बाजू झाली. मी आत उकिडवी बसून सरकत होते. बरगड्यांवर चिखलाचा कोरडा थर, हवेत ओल्या पोत्याचा वास, उघड्या सांध्यांतून आत आलेल्या उजेडाच्या लांब आडव्या रेघा. बाहेरून ठोका, माझा तळवा, आतून उत्तर. एक. एक. दोन, फुली. एक. नेहमीचं काम. डाव्या बाजूला नऊ फुल्या पडल्या, काका म्हणाले भागेल.

शिडीवरून खाली उतरले तर काका छातीवर हात चोळत उभे होते.

"काय होतंय?"

"धाप. शिडीवर मी चढलो नाही, तू चढलीस, तरी मला लागते. प्रेम म्हणतात याला."

३

दुपारी उजवी बाजू सुरू केली आणि तिसऱ्या फळीला माझा फोन वाजला. कचेरीतून होता. नाव पाण्यात घालायची परवानगी कोणत्या खिडकीवर मिळते, ते विचारायला मी आठवडाभर त्यांच्या मागे होते. आत आवाज तुटत होता, म्हणून मी काकांना न सांगताच झाकणातून बाहेर आले, डाव्या बाजूच्या शिडीवरून उतरून शेडमागे गेले आणि भिंतीला टेकून वीस मिनिटं एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे ढकलली जात राहिले. शेवटी कोणीतरी म्हणालं, सोमवारी करा.

परत आले तर काका बाजूच्या टोकाला पोचले होते. हातोडी खिशात घालत होते.

"संपवली," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. "सगळी गेली. सुरुवातीच्या दोन सोडल्या तर एक फळी धड नाही. दोन, दोन, दोन. तुझा हात दुखला असेल."

मी शेडच्या दारात उभी होते. माझ्या हातात फोन होता. मी आत नव्हते, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बघून येते परत."

आत खडू मी ठेवला होता तिथेच होता. उजव्या बाजूला एकही फुली नव्हती. मी टोच्या घेतला आणि तिसऱ्या फळीत खुपसला. टोक जेमतेम रुतलं. चौथीत, तसंच. सातवीत जोर लावला तर माझं मनगट मुरगळलं. लाकूड दगडासारखं होतं. ती बाजू गेलेली नव्हती, डावीपेक्षा चांगली होती.

मला भीती वाटली का, असं मी नंतर स्वतःला विचारलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. उजवी बाजू शाबूत म्हणजे काम निम्मं. ठोके कसले, ते नंतर बघू. सुटी बरगडी असेल, ती हलून दोनदा आपटत असेल. विज्ञान शिकलेल्या मुलीला एवढं पुरे होतं.

"काका, फळ्या चांगल्या आहेत," मी त्यांच्यासमोर येऊन म्हटलं. "माझंच चुकलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सगळ्या फळ्यांना चुकलं?" म्हणाले.

४

घरी काकूनं ताटं मांडली, आणि काका एक शब्द न बोलता जेवले. काकूला हे नवीन होतं.

"काय गं, भांडलात? का नावेनं जीभ ठेवून घेतली यांची?"

"दमलेत."

"दमणारच. छाती दुखते म्हणून रात्री उठून बसतात, मला वाटतं खिडकीत चोर आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं की हात खिशात! आणि तुला यांच्याकडून नाव बांधून घ्यायचीय." ती हे हसत म्हणाली, पण वाढताना हात थांबला होता.

जेवण झाल्यावर काका माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांना वाटतं ते हळू बोलतायत, पण बहिऱ्या माणसाचं हळू म्हणजे सगळ्या घराला ऐकू जातं.

"तुला माझी दया आली ना?"

"काय?"

"चांगल्या फळीला दोन ठोके दिलेस. नाव गेली म्हणून सांगायचं, म्हणजे म्हाताऱ्याला काम करावं लागणार नाही. मग तुलाच नाव सोडवेना, म्हणून चुकलं म्हणालीस." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "ठोक्यात खोटं बोलायचं नाही, पोरी. तोंडानं बोल हवं तेवढं. मला ऐकू येत नाही."

मी नाही म्हटलं, तर त्यांनी मान फिरवली. ओठ बघायचेच नाहीत, म्हणजे मी बोललेच नाही.

अंथरुणावर पडून मी विचार करत राहिले. सुटी बरगडी दोनदा आपटते, मान्य. पण सुरुवातीच्या दोन फळ्यांना, मी आत असताना, ती आपटली नव्हती.

५

शुक्रवारी आम्ही परत गेलो. काका उलट्या खोक्यावर बसून चहा घेत होते, माझ्यापासून पंधरा पावलांवर, पूर्ण दिसत होते. शेडमध्ये तिसरं कोणी नव्हतं. नावेचं झाकण मी वरून बघून आले होते. आत चिखल, खडू, उजेडाच्या रेघा.

मी काकांची हातोडी घेतली आणि उजव्या बाजूची पहिली फळी ठोकली. तळवा टेकला.

एक.

उत्तर लगेच आलं नाही. माझा ठोका पडला, आणि एखादा माणूस सरकून जागेवर पोचायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्या वेळानं आलं. दुसरी फळी. एक. चौथी. एक. वळसा घालून मी डाव्या बाजूला गेले, जिथे मी स्वतः फुली मारली होती, जिथे टोच्या भिजलेल्या पावात जावा तसा गेला होता. ठोकलं.

एक.

डोकं तरीही चालू होतं. हा दोष डोक्याचाच. मी काकांना खूण करून बोलावलं. "इथे ठोका जरा."

"कशाला? ही गेलेली आहे."

"ठोका ना."

त्यांनी ठोकलं. मीही त्यांच्या हाताशेजारी तळवा टेकला. दोन. मग मी त्यांना शेजारच्या धडधाकट फळीकडे नेलं. दोन. त्यांच्या हातून हातोडी घेऊन मी तीच फळी ठोकली. एक.

फळी तीच होती. बदलत होतो ते आम्ही.

काकांनी तळवा काढला नाही. त्यांनी हळूच नावेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू तर इथे आहेस. आत कोण आहे?"

आता सांगायला हवं होतं. पण सांगितलं की काका हातोडी खिशात घालणार, किल्ली परत जाणार, आणि सोमवारी मी कुठल्यातरी खिडकीसमोर उभी राहणार. माझ्या डोळ्यासमोर एकोणीस मुली होत्या. निदान मी तेव्हा स्वतःला तसं सांगितलं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "एखादी बरगडी सुटलीय. उसळते. तुमचा हात जड, म्हणून दोनदा उसळते."

काकांचा चेहरा उजळला. इतका, की मला बघवेना.

"म्हणजे काल ती तू नव्हतीस?"

"नव्हते. मी फोनवर होते."

"दया नव्हती."

"नव्हती हो, काका."

"मग ठीक आहे!" त्यांनी चहा एका घोटात संपवला. "आधी सांगायचं ना, येडे. मी रात्रभर हिशेब मांडत होतो, की मी एवढा म्हातारा कधी झालो. जा, पेले धुवून आण. मी आत जाऊन बघतो कुठली बरगडी ती."

६

नळ आवाराच्या दुसऱ्या टोकाला होता. दोन पेले धुवायला किती वेळ लागतो? मी त्यापेक्षा जास्त लावला. नळाखाली हात धरून उभी राहिले. एवढ्यात काका वर चढून दमले असतील, झाकणापाशीच बसले असतील, असं मनाशी म्हणत राहिले.

शेडमध्ये परतले तेव्हा उतरतं ऊन दारातून सरळ नावेच्या पलीकडच्या अंगावर पडलं होतं. मी सावलीच्या बाजूला होते. डोळ्यांच्या उंचीवर एक उघडा सांधा होता. मी डोळा लावला.

पलीकडच्या सांध्यांतून ऊन आत येत होतं. लांब आडव्या सोनेरी रेघा, एकाखाली एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागच्या टोकाला, झाकणाखाली, त्या रेघांवर काकांची काळी आकृती होती. ते पाठ फळीला टेकून बसले होते, पाय लांब केलेले, मान छातीवर.

पुढच्या टोकाला रेघा आणखी एका जागी तुटल्या होत्या.

सामान असेल, मला वाटलं. पण आत सामान नव्हतं. आणि मग ती तुटलेली जागा सरकली. सगळ्या रेघा एकदम, वरपासून खालपर्यंत, हातभर मागे तुटल्या, आणि पुढच्या जुळल्या. थांबली. परत हातभर सरकली. थांबली. उकिडव्या बसलेल्या माणसाची उंची. दर फळीला थांबून पुढे जाणाऱ्या माणसाची चाल. ती चाल मला पाठ आहे, ती माझीच आहे.

मी हाक मारली. मला माहीत होतं ते ऐकणार नाहीत, तरी मारली. मग मूठ आपटायला लागले, फळीवर, जोरात, पुन्हा पुन्हा. ती माझ्यासमोर आली. डोळ्यासमोरचा सांधा काळा झाला. मुठीखाली, फळीच्या आतून, शांतपणे, एक ठोका आला.

मी वाट बघत राहिले. खडूचा आवाज आला नाही.

सांधा परत सोनेरी झाला. ती काकांकडे सरकली होती. काकांपर्यंत चार हात उरले, तीन, दोन. मग त्यांची काळी आकृती आणि ती, यांच्यात उजेड उरला नाही. मी दोन वेळा श्वास घेतला असेल. रेघा स्थिर झाल्या. आत एकच माणूस बसला होता.

आणि खडू घासल्याचा आवाज आला. आधी एक रेघ, मग तिच्यावर आडवी दुसरी.

शिडी मी कशी चढले मला आठवत नाही. झाकणातून डोकं आत घातलं तर काका माझ्याकडे बघून हसत होते.

"डुलकी लागली गं," म्हणाले. "सुटी बरगडी काही नाही. सगळं घट्ट आहे."

"बाहेर या. आत्ता या."

ते आले. शिडी उतरताना त्यांनी कठडा धरला नाही. खाली उभे राहिले आणि शर्टाची मागची बाजू झटकली. खडूची पांढरी धूळ उडाली.

७

शनिवारी सकाळी मीच हट्ट करून त्यांना डॉक्टरकडे नेलं. काकू म्हणत होती, आज कशाला, आज पहिल्यांदा रात्रभर शांत झोपले, सकाळी बादल्या उचलून आणल्या, जा बाई, तुमचं तुम्ही बघा. तिला आनंद झाला होता. तिला काही सांगणं माझ्या जिवावर आलं.

डॉक्टरबाईंची खोली लहान होती. एक टेबल, वजनकाटा, पडदा. त्यांनी काकांना स्टुलावर बसवलं, शर्ट वर धरायला मला मागे उभं केलं. पाठीवर खूण वगैरे काही नव्हती. मी आधी तेच बघितलं. म्हाताऱ्या माणसाची स्वच्छ पाठ.

बाईंनी डावा तळवा काकांच्या पाठीवर पसरला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्यावर ठोकायला सुरुवात केली. वरून खाली, एकेक बरगडी सोडत. मी असं कधी नीट बघितलं नव्हतं. बाईंची मान किंचित कललेली, काका फळीशी वाकतात तशी.

"यावरून काय कळतं?" मी विचारलं.

"आत पाणी साठलं असेल तर आवाज बदलतो." त्यांनी शेवटचा ठोका दिला, मग नळी लावून ऐकलं, मग पट्टी गुंडाळून दाब बघितला. "काही नाहीये. उलट या वयात इतकी चांगली छाती मी क्वचित बघते. कोण म्हणालं तुम्हाला धाप लागते?"

काका बाईंच्या ओठांकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते.

"लागायची," ते म्हणाले.

मी पडद्यामागे गेले आणि मालकीणबाईंना फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. मी म्हटलं, नाव नको. कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पलीकडून नुसता लांब श्वास सोडल्याचा आवाज आला. मला वाटलं होतं मी रडेन. मुलींची नावं एकेक करून मनात आली आणि गेली. मला फक्त बसावंसं वाटलं. निदान काका वाचले, मी स्वतःला म्हटलं, निदान एवढं तरी मी वेळेवर केलं.

पडदा सारून आले. काका अजून स्टुलावर होते, माझ्याकडे पाठ करून. मी शर्ट खाली ओढायला हात पुढे केला.

"नाही म्हणालीस ना?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

मी थांबले. मी कुजबुजत बोलले होते. पडद्याआड.

"हो," मी म्हटलं, तेवढ्याच हळू.

"बरं केलंस. तिची आता गरज नाही."

माझा तळवा त्यांच्या पाठीवर होता. खांद्याच्या जरा खाली, उजव्या बाजूला, जिथे हृदय नसतं. कोणी ठोकलं नव्हतं. तरी जरा वेळानं, कोणीतरी सरकून माझ्या हातासमोर येऊन बसायला लागेल तेवढ्या वेळानं, आतून एक ठोका आला.